‘आत्याच्या वेळी तुम्ही काय केलं होतंत?’

आदरणीय ताईंना नमस्कार,

मी सांगली जिल्ह्यातला, वय ५४. साखर कारखान्यात नोकरी आणि घरची थोडी ऊसशेती. गेल्या महिन्यात मी, बायको आणि बारावीतली मुलगी अशा तिघांनी ‘टू किल अ टायगर’ हा माहितीपट पाहिला. मुलीनंच लावला होता. झारखंडमधल्या एका शेतकऱ्याच्या तेरा वर्षांच्या मुलीवर गावातल्याच तिघांनी अत्याचार केला, सगळं गाव ‘मिटवून घ्या’ म्हणत असताना बाप मागं हटला नाही, अशी ती खरी गोष्ट. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी म्हणालो, “बाप असावा तर असा!” तशी मुलगी माझ्याकडं न बघताच म्हणाली, “बाबा, आत्याच्या वेळी तुम्ही काय केलं होतंत?”

माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न १९९८ साली झालं. २००१ च्या पावसाळ्यात ती दोन वर्षांच्या मुलाला कडेवर घेऊन एसटीनं घरी आली. डावा डोळा सुजून बंद झाला होता. नऊ दिवस राहिली. दहाव्या दिवशी वडील आणि मी तिला परत नांदायला सोडून आलो. जाताना मेहुण्यांना टॉवेल-टोपी नेली होती, पद्धतच ती. त्यानंतर ती तशी कधी आली नाही. सणावाराला येते, राखीला येते. २०११ साली वडील गेल्यावर वडिलोपार्जित अडीच एकरावरचा हक्क तिनं सोडून दिला, रीतसर हक्कसोडपत्र झालं. आम्ही मागितलं म्हणून नव्हे, रीतच आहे तशी. मेहुण्यांचं पिणं चालूच आहे. आता हात उगारत नाहीत, निदान माझ्या कानावर तरी नाही.

मुलीला मी “तो काळ वेगळा होता” एवढंच म्हणून उठलो. तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलते. मला झोप नाही. बहिणीची माफी मागावी असं वाटतं. बायको म्हणते, जुनं उकरू नका, तिच्याच संसारात विघ्न येईल. तिकडं झारखंड-बिहारकडं असलं अजून चालतं, आपल्याकडं तितकं नाही, आणि सगळेच पुरुष तसे नसतात, हेही मुलीला सांगायचं होतं, पण तोंडातून शब्द निघाला नाही. काय करू?

एक भाऊ, एक बाप

•

दादा,

तुमच्या पत्रात डोळा सुजल्याचं वाक्य आहे, तिथं मी थांबले नाही. तशी वाक्यं मी पस्तीस वर्षं ऐकते आणि वाचते आहे. थांबले ती टॉवेल-टोपीपाशी. हे तुम्ही गाळलं असतं तरी मला कळायचं काही कारण नव्हतं. तुम्ही ते लिहिलंत आणि लगेच ‘पद्धतच ती’ असं त्याच्यावर पांघरूणही घातलंत. ज्या माणसानं बहिणीचा डोळा सुजवला, त्याच्या डोक्यावर तुम्ही आणि वडिलांनी बाजारातून आणलेली कोरी टोपी ठेवलीत. बहीण तेव्हा कुठं होती? आत, चहाचं आधण ठेवत? तुम्हाला आता आठवत नसेल. तिला आठवतंय, यावर मी पैज लावायला तयार आहे.

ही टोपी तुम्ही माझ्यापासून लपवली नाहीत, म्हणून मीही तुम्हाला गोंजारणारं उत्तर देणार नाही.

तो माहितीपट मी दोनदा पाहिला. निशा पाहुजा ही त्याची दिग्दर्शिका, टोरोंटोत राहणारी. २०२२ मध्ये तो तिथल्या महोत्सवात पहिल्यांदा दाखवला गेला आणि २०२४ च्या ऑस्करसाठी त्याला नामांकन मिळालं. पहिल्यांदा पाहताना मीही तुमच्यासारखीच बापासाठी रडले. दुसऱ्यांदा मात्र ठरवून बापाकडे पाहिलं नाही. त्याच्या भोवतीच्या माणसांकडे पाहिलं. तुम्हीही एकदा तसं करून बघा. अत्याचार करणारे तिघं पडद्यावर फार थोडा वेळ आहेत. बाकी सगळा वेळ आहे तो शेजाऱ्यापाजाऱ्यांचा, गावच्या कारभाऱ्यांचा, ओसरीवर बसलेल्या बायकांचा. त्यातली बरीचशी माणसं बघायला वाईट वाटत नाहीत. समजुतीच्या सुरात बोलतात. तिघांपैकी एकाशी मुलीचं लग्न लावून द्या, गावची गोष्ट गावात राहू दे, नाही तर पुढं तिला कोण करून घेणार, असा त्यांचा सगळा आग्रह. त्यांच्या लेखी ते भांडण मिटवतायत. मुलीचं भलंच करतायत. ते हिंदीत आणि त्यांच्या बोलीत बोलत होते, पण मला खालची अक्षरं वाचावीच लागली नाहीत. झालं गेलं गंगेला मिळालं, चारचौघांत शोभा कशाला, पोरीच्या जन्माचा प्रश्न आहे: हे सगळं मी सातारा, सांगली, सोलापूरच्या बैठकांत मराठीत ऐकलेलं आहे. ‘समझौता’ या शब्दाला आपल्याकडे ‘समेट’ म्हणतात, एवढाच काय तो फरक.

“बाप असावा तर असा” म्हणताना तुम्ही स्वतःला त्या बापाशेजारी नेऊन बसवलं होतंत. मुलीनं एका वाक्यात तुम्हाला तिथून उठवलं आणि गावकऱ्यांच्या ओळीत बसवलं. म्हणून झोप उडाली आहे.

बापाबद्दलही एक सांगते. एकट्यानं वाघ मारता येत नाही असं त्याला कुणीतरी म्हणालं आणि त्यानं, मी मारून दाखवतो, असं उत्तर दिलं. त्यावरून नाव पडलंय. नाव झकास आहे, पण जरा फसवं आहे. तो एकटा नव्हता. पुरुषांशी बायकांच्या हक्कांबद्दल बोलणाऱ्या एका संस्थेच्या गटात तो आधीपासून जात होता. दिग्दर्शिका मुळात ते काम टिपायलाच झारखंडात गेली होती. त्या संस्थेचे कार्यकर्ते कोर्टाच्या पायऱ्यांपर्यंत त्याच्यासोबत होते. बायको घट्ट उभी होती. आणि शेवटी खटला उभा राहिला तो त्या पोरीच्या साक्षीवर. तेरा वर्षांच्या मुलीनं कोर्टात उभं राहून सगळं सांगितलं आणि तिघांना पंचवीस-पंचवीस वर्षांची शिक्षा झाली. बाप मधेच डगमगतो, गावाचं ओझं त्याला पेलेनासं होतं. मला तर तो डगमगतो तिथंच जास्त आवडला. तो तुमच्या-माझ्यासारखाच आहे. त्याच्या बाजूला कुणीतरी होतं, हा फरक. तुमच्या घरात २००१ साली त्या नऊ दिवसांत बहिणीच्या बाजूनं बोलणारं एकही माणूस नव्हतं का? होतं, असं मला वाटतं. कदाचित तुमची आई. कदाचित तुम्हीच, सातव्या रात्रीपर्यंत. ते आठवून बघा, कारण मुलीला सांगताना लागेल.

आता ‘तिकडं’बद्दल. कॅनडातला प्रेक्षक तो माहितीपट बघून म्हणतो, भारतात असं असतं. सांगलीतला म्हणतो, झारखंडात असं असतं. रांचीतला माणूस म्हणत असेल, खेड्यांत असं असतं. प्रत्येकाचा वाघ दुसऱ्याच्या रानात. आपलं रान कुठलं म्हणाल, तर देसाईगंज घ्या, तेव्हाचा चंद्रपूर जिल्हा, आताचा गडचिरोली. १९७२ साली तिथल्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनीच अत्याचार केला. मुलीच्या अंगावर झटापटीच्या खुणा नाहीत, म्हणजे तिची संमती असणार, असा अर्थ काढून सर्वोच्च न्यायालयानं १९७८ साली दोघा पोलिसांना सोडून दिलं. त्यावर उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना उघड पत्र लिहिलं, देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ साली कायदा बदलावा लागला. आणि ज्यांनी न्याय द्यायचा त्यांनाही समेटाचा मोह सुटत नाही. २०२० साली मध्य प्रदेशच्या उच्च न्यायालयानं विनयभंगाच्या आरोपीला जामीन देताना अट घातली होती की, त्यानं त्या बाईच्या घरी मिठाई घेऊन जावं आणि तिच्याकडून राखी बांधून घ्यावी! पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयानं ती अट रद्द केली आणि असले समेट सुचवू नका म्हणून न्यायाधीशांना बजावलं. मिठाई आणि राखी. टॉवेल आणि टोपी.

आकडे हवे असतील तर तेही घ्या. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या लग्न झालेल्या १८ ते ४९ वयाच्या बायकांपैकी साधारण चारांत एकीनं नवऱ्याकडून मारहाण किंवा लैंगिक जबरदस्ती झाल्याचं सांगितलं. त्याच पाहणीत देशभरच्या स्त्री-पुरुषांना विचारलं होतं, नवऱ्यानं बायकोला मारणं कशासाठी योग्य वाटतं? न सांगता घराबाहेर गेली, स्वयंपाक नीट केला नाही, सासू-सासऱ्यांचा मान ठेवला नाही, उलट बोलली, अशी सात कारणं पुढं ठेवली होती. निदान एका कारणासाठी तरी मारणं योग्य, असं ४४ टक्के पुरुष म्हणाले. बायका किती? ४५ टक्के. हा आकडा वाचून दरवेळी मी चष्मा काढून ठेवते.

पण तुमच्यासाठी महत्त्वाचा आकडा वेगळा आहे. मार खाल्लेल्या बायकांपैकी मदत मागणाऱ्या जेमतेम १४ टक्के निघाल्या. ७७ टक्के बायकांनी कुणाला सांगितलंही नव्हतं. तुमची बहीण त्या थोड्यांपैकी एक होती. तिनं सांगितलं. सांगायला पावसात, मूल कडेवर घेऊन, एसटीचं तिकीट काढून आली. आणि तुम्ही लिहिता, त्यानंतर ती तशी कधी आली नाही. हे वाक्य तुम्ही चोवीस-पंचवीस वर्षं ‘पुढं सगळं सुरळीत झालं’ अशा अर्थानं वाचत आलात. आता त्याचा दुसरा अर्थ वाचा. या घरी येऊन उपयोग नाही, हे तिला दहाव्या दिवशी कळलं.

‘सगळेच पुरुष तसे नसतात’, हे बरंच झालं तुमच्या तोंडून निघालं नाही ते. मुलीनं सगळ्या पुरुषांबद्दल विचारलंच नव्हतं. एकाच पुरुषाबद्दल विचारलं होतं. तसे नसलेले पुरुष आहेत, हे मला माहीत आहे. मुंबईत ‘मावा’ ही पुरुषांचीच संघटना १९९३ पासून बायकांवरच्या हिंसेविरुद्ध काम करते आहे, कॉलेजच्या पोरांशी बोलते आहे. त्या कामातल्या माणसांना हे वाक्य ढालीसारखं पुढं धरताना मी ऐकलेलं नाही.

माझ्या खात्यावर काय जमा आहे तेही सांगते, नाही तर तुम्हाला वाटेल बाई उंचावर बसून बोलते. नव्वदच्या दशकात मी एका समुपदेशन केंद्रात काम करायचे. आमच्याकडे एक मोठी वही होती. नवरा-बायको, दोन्हीकडची माणसं बसवायची, बोलणं करायचं, नवऱ्याकडून ‘परत हात लावणार नाही’ असं कागदावर घ्यायचं आणि बाईला परत पाठवायचं. मग वहीत तिच्या नावापुढं लाल पेन्सिलीनं बरोबरची खूण आणि ‘समेट’. वर्षाअखेरी त्या खुणा मोजून आम्ही अहवाल लिहायचो. एक बाई तीन वेळा आली. तिन्ही वेळा माझ्या अक्षरात ‘समेट’. चौथ्यांदा ती आली नाही आणि मी, खरं सांगते, सुटकेचा श्वास टाकला होता. पुष्कळ वर्षांनी मंडईत भेटली. मलाच ओळखता आलं नाही. तिनं हाक मारली, माझ्या गुडघ्यांची चौकशी केली, हातात चार लिंबं ठेवली आणि गेली. बोलताना तिनं मान थोडी तिरकी केली होती. एका कानानं तिला ऐकू येत नव्हतं. मी विचारलं नाही कधीपासून.

नवऱ्यानं मारलं आणि पावसानं झोडपलं तर दाद कुणाकडं मागायची, अशी आपल्याकडे म्हण आहे. म्हणीत नवऱ्याला पावसाच्या पंक्तीला बसवलंय. पावसाला काय करणार, छपराखाली जायचं. आणि छप्पर म्हणजे माहेर. तेच गळकं निघालं तर?

इथं मला तुमच्या पत्रातल्या त्या दुसऱ्या ‘रीतच आहे’कडं यायचंय. तारखा जुळवून बघा. महाराष्ट्रानं २२ जून १९९४ पासून मुलींना वडिलोपार्जित, एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलांसारखाच जन्मतः हक्क दिला. देशभर तो २००५ मध्ये आला, आपल्याकडे अकरा वर्षं आधी. अट एकच होती, त्या दिवशी मुलीचं लग्न झालेलं नसावं. तुमच्या बहिणीचं लग्न १९९८ चं. म्हणजे २००१ साली ती सुजलेला डोळा घेऊन ज्या घराच्या उंबऱ्यावर उभी होती, त्या घराच्या जमिनीत तिचा हिस्सा होता. कायद्यानं. तुमच्याइतकाच. ती पाहुणी म्हणून आली नव्हती. हे तिला माहीत नव्हतं. वडिलांना माहीत होतं का, देव जाणे. तुम्ही तीस वर्षांचे होतात, कारखान्यात नोकरीला, वर्तमानपत्र वाचणारे.

याचा मारहाणीशी काय संबंध, असं विचाराल. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात प्रदीप पांडा आणि बीना अगरवाल यांनी केलेला एक अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. ज्या बायकांच्या नावावर ना घर ना जमीन, त्यांच्यातल्या ४९ टक्के बायकांना नवऱ्यानं मारलेलं होतं. जमीन असलेल्यांत १८ टक्के. घर असलेल्यांत १०. दोन्ही असलेल्यांत ७. सातबारा अंगावर पांघरता येत नाही, पण उठून जायला जागा आहे हे बाईला कळलं, आणि नवऱ्यालाही कळलं, की घरातल्या बोलण्याचा सूर बदलतो.

हक्कसोडीच्या दिवसाची मला कल्पना आहे. भावानं गाडी करून नेलं असेल, निबंधक कार्यालयात अंगठे-फोटो झाले असतील, साडी-चोळी झाली असेल. मागितलं नाही म्हणता, पण कागद कुणी तयार करून आणले? वकिलाची फी कुणी दिली? माहेर तुटू नये म्हणून बहिणी सही करतात. तुमच्या बहिणीचं माहेर २००१ सालीच तुटलं होतं. २०११ साली तिनं सही केली ती राखीपुरतं किलकिलं राहिलेलं दार बंद होऊ नये म्हणून.

तर आता काय करायचं.

तुमच्या बायकोचं म्हणणं अर्धं खरं आहे आणि ते अर्धं नीट ऐका. भाऊ तावातावानं गेला, मेहुण्याला दोन शब्द सुनावून आला, तर भाऊ एसटीत बसल्यावर त्याची वसुली बहिणीकडून होते. वहिनीला हे कळतं, कारण अशा घरात संध्याकाळी काय होतं ते बायकांना ठाऊक असतं. म्हणून मेहुण्याशी बोलायचं नाही. फोनवर हा विषय काढायचा नाही, फोन कुणाच्या हातात असतो सांगता येत नाही. राखीला किंवा भाऊबीजेला नको, त्या दिवशी ओवाळणीच्या ताटापुढं बहिणीला रडता येत नाही आणि नाही म्हणता येत नाही. कारण काढून तिला घरी दोन-तीन दिवस बोलवा, किंवा तिच्या तालुक्याला दवाखान्याचं, बँकेचं काही काम असेल तेव्हा गाठा. दोघंच असा.

माफी मागायची तर माफी मागा, मागून घेऊ नका. ‘केलंस ना माफ?’ हे विचारायचं नाही. ते विचारलं की पुन्हा तिच्यावरच काम पडतं, भावाचे डोळे पुसायचं. ‘आमच्याकडून काही चुकलं असेल तर’ हेही नको. काय चुकलं ते तुम्हाला माहीत आहे, ते एकेक करून म्हणा. तू आलीस तेव्हा तुझा डोळा सुजला होता. मी बघितला. मी तुला परत सोडून आलो. त्याला टोपी घातली. तुझी जमीन होती आणि मी ती घेतली. एवढी पाच वाक्यं. जड जातील. रात्री एकटे असताना मोठ्यानं म्हणून बघा, पहिल्यांदा आवाज फुटणार नाही.

ती कदाचित म्हणेल, “कशाला आता दादा.” कदाचित हसेल. कदाचित चिडेल, पंचवीस वर्षांचं सगळं एका दमात काढेल आणि त्यात तुमच्या वडिलांबद्दलही बोलेल. तेव्हा वडिलांची बाजू घेऊ नका. वडील गेलेत, त्यांना वकिलाची गरज नाही. आणि काहीच बोलली नाही तर तेही चालवून घ्या.

मग जमिनीचं. नोंदवलेलं हक्कसोडपत्र सहजी फिरत नाही, पण स्वतःच्या नावावरची जमीन भावानं बहिणीला बक्षीसपत्रानं द्यायला कायद्याची आडकाठी नाही. तुकडेबंदीचा नियम आणि मुद्रांक किती लागेल ते तालुक्याच्या वकिलाकडून पाहून घ्या. जमीन देणं जमण्यासारखं नसेल तर तिच्या हिश्श्याच्या उसाचं बिल दरवर्षी तिच्या, तिच्या एकटीच्या खात्यात जाऊ दे. काहीही करा, आधी बायको आणि मुलीशी बोलून करा, आणि बहिणीला विचारून करा. पुन्हा तिच्या वतीनं तुम्हीच ठरवू नका, मग ते कितीही चांगलं असो. नवऱ्याच्या हाती लागेल म्हणून ती आत्ता नको म्हणाली, तर त्यात शहाणपण असू शकतं.

‘आता हात उगारत नाहीत, निदान माझ्या कानावर तरी नाही’ हे वाक्य मला खुपतंय. तिला विचारा. सरळ विचारा, “अजून मारतो का?” हो म्हणाली तर २००१ मध्ये नव्हतं ते आता आहे. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्यात मारहाणीबरोबर शिव्या, पैसे अडवणं हेही धरलंय आणि बाईला नवऱ्याच्या घरात राहायचा हक्क दिलाय, घर त्याच्या नावावर असो वा नसो. त्यासाठी संरक्षण अधिकारी नेमलेले असतात. पोलिसांच्या आवारातच ‘महिला व मुलांसाठी विशेष सहाय्य कक्ष’ बऱ्याच ठिकाणी आहेत, १९८४ साली मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेनं सुरू केलेलं ते काम. १८१ हा महिला हेल्पलाइनचा क्रमांक तिच्या फोनमध्ये ‘गॅसवाला’ अशा काहीतरी नावानं टाकून द्या. वेळ आली तर ११२. पण पाऊल तिनं टाकायचं. तुम्ही गाडी घेऊन दाराशी उभं राहायचं आणि त्याआधी घरातली एक खोली रिकामी करून ठेवायची.

कडेवरचा तो भाचा आता पंचविशी ओलांडून गेला. त्याच्यासाठी स्थळं येत असतील. त्यानं लहानपणी काय पाहिलं ते तुम्ही त्याला कधी विचारलं नसणार. मामा म्हणून तेवढा हक्क आहे तुमचा. घरात सून यायच्या आधी एकदा त्याला शेतावर घेऊन जा.

मुलीशी मात्र बहिणीला भेटायच्या आधी बोला. आज-उद्याच. आत्याची सगळी हकीकत तिला सांगू नका, ती आत्याची आहे, आत्याला वाटलं तर ती सांगेल. तुमचा भाग सांगा. तिनं प्रश्न आत्याबद्दल विचारला, पण ती सतरा वर्षांची आहे, दोन-चार वर्षांत तिच्या लग्नाच्या गोष्टी निघतील, आणि घराचा हा इतिहास तिनं कुठून तरी, बहुधा आजीकडून, ऐकलेला आहे. या घरातून गेलेली मुलगी परत आली तर नऊ दिवस ठेवून घेतात, एवढं तिला कळलंय. ‘तुझ्या बाबतीत असं होऊ देणार नाही’ असं वचन तिला देऊ नका. तुमच्या वडिलांनीही मुलीचं लग्न लावताना मनात तेच म्हटलं असणार. तुम्ही केलेलं सांगा, घाबरला होतात तर तेही सांगा, आणि नऊ दिवसांत कुठल्या दिवशी तुम्ही बहिणीच्या बाजूनं बोलायला तोंड उघडून मिटलंत, तेही. मग ती काय म्हणते ते ऐका. ती लगेच गळ्यात पडणार नाही. मी तिच्या जागी असते तर मीही पडले नसते.

हक्कसोडपत्राची प्रत कपाटात कुठं आहे ते शोधून ठेवा. वकील पहिल्यांदा तीच मागेल. बहिणीला भेटायला जाताना मात्र ती सोबत नेऊ नका, आणि पेढेही नकोत. तिला लहानपणी काय आवडायचं ते आठवत असेल तर ते न्या. आठवत नसेल तर रिकाम्या हातानं जा.

तुमची,
ताई

ता. क. तुमचं पत्र छापताना त्यातल्या दोन खाणाखुणा मी बदलल्या आहेत. हे सदर तिच्या गावातही वाचलं जात असेल.